काचेवरची चिठ्ठी आणि टोलनाका

आपल्या भागातला भाजीपाला पुण्याला जातो. आले, टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची. रात्री गाडी भरायची आणि पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचे. कराडहून पुण्याला जाताना वाटेत तीन टोलनाके लागतात. पहिला तासवड्याचा, दुसरा आनेवाडीचा, तिसरा खेड-शिवापूरचा. जाताना पैसे द्यायचे आणि येतानाही द्यायचे.

आमच्या आळीत एक पिकअपवाला राहतो. त्याचे नाव इथे सांगत नाही. त्याला ते आवडायचे नाही. गाडी कर्जाची आहे. दर महिन्याला हप्ता आहे. २०२४ साली दिवाळीच्या आधी तो एका दुपारी माझ्याकडे आला. तोंड उतरलेले होते.

तो म्हणाला, "गुरुजी, काल तिन्ही नाक्यांवर दुप्पट टोल गेला. गाडीला टॅग हाय, तरी गेला. भाड्यात मला काय उरलं?"

मी म्हणालो, "टॅगात पैसे होते का?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मेसेज आलता दोन दिसांमागं. पण मला वाचता कुठं येतंय? जाहिरात असंल म्हणून सोडून दिला."

मेसेज मी वाचला. 'शिल्लक संपत आली आहे, पैसे भरा,' एवढाच त्याचा अर्थ होता. चार शब्द वाचता आले असते, तर त्याचे पैसे वाचले असते.

त्याच दिवशी ठरवले की, या टॅगची सगळी माहिती सोप्या शब्दांत लिहून काढायची. तुमच्यापैकी कोणी गाडी चालवतो. कोणाचा मुलगा चालवतो. कोणी भाड्याच्या गाडीतून माल पाठवतो. टोलचा पैसा शेवटी मालाच्या भाड्यातच धरला जातो. म्हणून ही गोष्ट सर्वांच्या कामाची आहे.

पूर्वी कसे होते?

टोल म्हणजे पथकर. मोठा रस्ता बांधायला आणि नीट राखायला पैसा लागतो. तो रस्ता वापरणाऱ्याकडून घेतात. पूर्वी नाक्यावर गाडी थांबवावी लागे. खिडकीतून नोट द्यायची, पावती घ्यायची, सुट्ट्या पैशांसाठी वाट पाहायची. एका गाडीला थोडाच वेळ लागे. पण पुढे पन्नास गाड्या असतील तर? रांग लांबे. इंजिन चालू राही. डिझेल जळे. उन्हाळ्यात पालेभाजी गाडीतच सुके. सुट्ट्या पैशांवरून भांडणे होत ती वेगळीच.

म्हणून न थांबता पैसे घेण्याची रीत काढली. तिचे नाव फास्टॅग. आपल्या देशात २०१४ साली अहमदाबाद ते मुंबई या रस्त्यावर तिचा पहिला प्रयोग झाला. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाड्या टॅग लावूनच विकाव्यात, असा नियम आला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवरही तो सक्तीचा झाला.

टॅग म्हणजे काय?

गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. तोच टॅग. ती दिसते कागदासारखी. पण आत तांदळाच्या कणीहूनही बारीक अशी एक चकती असते. तिला चिप म्हणतात. चिपला जोडून पातळ धातूची एक पट्टी असते.

आपल्या गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना? त्यावर बारा आकडी नंबर असतो. तो नंबर पाहिला की जनावर कोणाचे, लस कधी टोचली, हे दप्तरात सापडते. टॅगचेही तसेच आहे. टॅगमध्ये पैसे नसतात. फक्त नंबर असतो. बिल्ल्यात जसे दूध नसते, तसे टॅगमध्ये रुपये नसतात. रुपये बँकेत असतात.

या चिठ्ठीत बॅटरी नसते. मग ती बोलते कशी? विहिरीच्या काठावर उभे राहून आपण हाक मारतो, तेव्हा विहीर ओ देते. आपण हाक मारली नाही, तर विहीर गप्प असते. नाक्यावर वरच्या बाजूला एक यंत्र बसवलेले असते. ते रेडिओसारख्या लहरी सोडते. त्या लहरींच्या जोरावरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. गाडी पुढे गेली की पुन्हा झोपते.

लहरी काचेतून जातात, पत्र्यातून जात नाहीत. म्हणून टॅग काचेवर मधोमध, वरच्या बाजूला चिकटवायचा. काही जण टॅग डॅशबोर्डवर ठेवतात किंवा हातात धरून दाखवतात. असे करू नये. असा मोकळा टॅग काळ्या यादीत टाकण्याचा आदेश राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये काढला. एकदा चिकटवलेला टॅग सोलूनही काढू नये. सोलला की आतली पट्टी फाटते आणि टॅग मरतो. काच फुटली, बदलली, तर बँकेकडून नवा टॅग घ्यावा लागतो.

पैसे कसे कापले जातात?

यंत्राने नंबर वाचला. तो नंबर नाक्याच्या बँकेकडे गेला. तिथून तो एनपीसीआय या संस्थेच्या मोठ्या यंत्रणेकडे गेला. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची यूपीआयची सोय चालवणारी संस्था ती हीच. तिच्यामार्फत तुमच्या बँकेचा हिशोब होतो. तुमच्या खात्यातून टोल वजा होतो आणि तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो. टॅग चालू आहे असे यंत्राला कळले की दांडा वर जातो. हे सारे पाणी पिऊन भांडे खाली ठेवायच्या आत होते.

पण खात्यात पैसे नसतील, किंवा बँकेला दिलेली कागदपत्रे अपुरी असतील, तर टॅग काळ्या यादीत जातो. मग दांडा वर जात नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. माणूस गडबडतो आणि मागतील ते देऊन सुटतो. आमच्या पिकअपवाल्याचे असेच झाले.

चालू टॅग नसेल तर काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा, टोल १०० रुपये आहे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमात हिशोब असा होता :

चालू टॅग असेल तर १०० रुपये.
टॅग नसेल किंवा बंद असेल, आणि यूपीआयने पैसे दिले तर १२५ रुपये.
टॅग नसेल किंवा बंद असेल, आणि रोख दिले तर २०० रुपये.

म्हणजे १०० रुपयांच्या जागी २०० रुपये. तीन नाके जाताना आणि तीन येताना. हिशोब तुम्हीच करा.

हे नियम मधूनमधून बदलतात. टोलचे दरही साधारणपणे दरवर्षी १ एप्रिलला बदलतात. म्हणून नाक्यावरची पाटी वाचण्याची सवय ठेवावी. पाटीवर कोणत्या गाडीला किती दर, कोणाला सूट, तक्रारीचा नंबर काय, हे लिहिलेले असते. ती पाटी तुमच्यासाठीच लावलेली असते.

गाडी गॅरेजात, पैसे गेले नाक्यावर

दिवाळी झाल्यावर पिकअपवाला रात्रीच्या वर्गाला येऊ लागला. पहिल्या दिवशी दाराशी घुटमळत होता. म्हणाला, "या वयात पाटी धरायची म्हंजे लाज वाटती." मी म्हणालो, "दुप्पट टोल देताना वाटली त्यापेक्षा कमीच वाटेल." तो हसला आणि आत येऊन बसला.

आधी त्याने आकडे ओळखायला शिकले. मोबाईलवर आकडे इंग्रजी असतात. म्हणून ते मी आधी शिकवले. दोन महिन्यांत तो तारीख, वेळ आणि रक्कम वाचू लागला.

एका सकाळी तो धावतच आला. "गुरुजी, हे बघा! काल रातच्याला टोल कापलाय. आन् गाडी तर परवापास्नं कराडला गॅरेजात हाय!"

मी मेसेज पाहिला. त्याने तारीख आणि रक्कम बरोबर वाचली होती. नाक्याचे नाव मी वाचले. तो नाका आमच्यापासून दोन जिल्हे लांब होता.

असे कसे झाले? कधी कधी यंत्राला टॅग वाचता येत नाही. मग नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाकतो. एक आकडा इकडचा तिकडे झाला की, गाडी एकाची आणि पैसे दुसऱ्याचे, असे होते. ही चोरीच असते असे नाही. चूक असते. पण चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड आपल्याला, हे का सोसावे?

आम्ही १०३३ हा नंबर फिरवला. एक, शून्य, तीन, तीन. हा राष्ट्रीय महामार्गांचा मदतीचा नंबर आहे. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि बँकेलाही कळवायला सांगितले. बँकेला फोन केला. त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला. मी म्हणालो, "वहीत लिहून घे." त्याने जीभ दाताखाली धरून एकेक आकडा लिहिला. वर्गाबाहेर कामासाठी त्याने लिहिलेली ती पहिली ओळ.

गॅरेजवाल्याची पावती होती. पावतीवर तारीख होती. ती बँकेला पाठवली. बारा दिवसांनी पैसे परत आले. मेसेज त्याने स्वतः वाचला आणि मला वाचून दाखवला.

सगळ्यांचेच असे चांगले होत नाही. आमच्या ओळखीच्या एका दूधटँकरवाल्याचेही असेच पैसे गेले होते. त्याने तीन महिने काही केले नाही. मेसेज पुसून टाकले. मग तक्रार करायला गेला, तेव्हा हातात पुरावा नव्हता. त्याचे पैसे बुडाले. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. मेसेज पुसू नये. तक्रार लगेच करावी. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

सवलती माहीत असाव्यात

राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकल आणि बैलगाडी यांना टोल नसतो. चारचाकी गाड्यांना मात्र असतो. पण त्यातही काही सवलती आहेत. त्या न मागितल्यामुळे पुष्कळ जण जादा पैसे देतात.

एक : २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात, तर येण्याचा पूर्ण टोल लागत नाही. जाण्याचे १०० असतील, तर जाऊन-येऊन १५० होतात. चालू टॅग असेल तर ही सूट आपोआप मिळते. म्हणून माल उतरवून विनाकारण मुक्काम करू नये.

दोन : नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या घरच्या, म्हणजे भाड्याने न फिरणाऱ्या, गाडीला महिन्याचा स्वस्त पास मिळतो. २०२५ साली तो सुमारे ३५० रुपयांना होता. राहण्याच्या पत्त्याचा कागद आणि गाडीचे आर.सी. बुक घेऊन नाक्याच्या कचेरीत जावे.

तीन : नाका ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या भाड्याच्या गाडीला अर्ध्या दराची सवलत असते. तिला अटी आहेत. नॅशनल परमिटच्या गाडीला ती मिळत नाही. बाजूने सर्व्हिस रोड असेल तरी मिळत नाही. पाटीवर पाहून कचेरीत विचारावे.

चार : १५ ऑगस्ट २०२५ पासून वर्षाचा पास सुरू झाला. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत तो चालतो. पण तो फक्त घरच्या मोटार, जीप, व्हॅन यांना मिळतो. मालवाहू पिकअपला मिळत नाही. शिवाय तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्याचे आहेत. तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात.

अफवा आणि ठक

२०२२ साली मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला होता. एक मुलगा काच पुसता पुसता हातातल्या घड्याळाने टॅगमधले पैसे चोरतो, असे त्यात दाखवले होते. पुष्कळांनी ते खरे मानले. ते खोटे होते. टॅगमधले पैसे नोंदलेल्या नाक्यालाच, किंवा अशाच नोंदलेल्या जागी जातात. कोणा माणसाच्या खिशात जात नाहीत. काच पुसणाऱ्या गरीब पोरांना उगाच मारू नका.

खरे ठक वेगळे असतात. ते फोन करतात. "तुमचा टॅग बंद होणार आहे, केवायसी करा, ओटीपी सांगा," असे म्हणतात. केवायसी म्हणजे बँकेला आपल्या ओळखीचे कागद देणे. ते करावेच लागते. पण ते बँकेत जाऊन करावे. फोनवर आलेला ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा.

आणखी एक गोष्ट. गाडी विकली की टॅग बँकेला सांगून बंद करावा. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि टोल आपल्या खात्यातून, असे चालू राहते. १ एप्रिल २०२४ पासून एका गाडीला एकच टॅग, असा नियम आहे. जुना टॅग काचेवर ठेवून त्याच्या शेजारी नवा लावू नये.

यंत्र बिघडले तर?

टॅग चालू आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्याचे यंत्रच बिघडले आहे. मग कोणी काय द्यायचे? मे २०१८ मध्ये याचा नियम निघाला. अशा वेळी गाडीवाल्याने काहीच द्यायचे नाही. नाक्याने त्याला शून्य रुपयांची पावती द्यायची आणि गाडी सोडायची. हा नियम फार थोड्या लोकांना माहीत असतो.

मागच्या उन्हाळ्यात पिकअपवाला आले घेऊन निघाला होता. पहाटे तीनची वेळ. एका नाक्यावर दांडा वर गेला नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "टॅग चालत नाही. दुप्पट पैसे द्या."

मागे भोंगे वाजू लागले. पूर्वीचा तो असता, तर खिशात हात घालून मोकळा झाला असता. त्याने तसे केले नाही. मोबाईल काढला. मागच्या नाक्याचा मेसेज उघडला. शिल्लक वाचली आणि खिडकीसमोर धरली.

"हे बघा साहेब. मागच्या नाक्यावर टॅग चालला. शिल्लक हितं लिवलीय. मग टॅग बिघडला का तुमचं मशीन? मशीन बिघडलं आसंल तर शून्याची पावती द्या."

खिडकीतला माणूस क्षणभर बघत राहिला. मग त्याने वरच्या माणसाला बोलावले. तो हातातले छोटे यंत्र घेऊन आला. काचेजवळ धरले. टॅग वाचला गेला. नेहमीचाच टोल कापला. दांडा वर गेला.

त्याला फुकट काही मिळाले नाही. मिळायलाही नको होते. टॅग वाचला गेला, म्हणून टोल द्यायचाच. पण दुप्पट गेले नाहीत. आणि भांडणही झाले नाही. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. लिहिलेले वाचून दाखवले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी त्याने मला हे सांगितले. मी विचारले, "भीती नाही वाटली?"

तो म्हणाला, "वाटली की. पण गुरुजी, आकडा म्या वाचला हुता. दुसऱ्यानं सांगितल्याला नव्हता."

घरातून निघताना

आता एवढे लक्षात ठेवा.

गाडी भरण्याआधी टॅगमधली शिल्लक पाहा. पैसे घरूनच भरा. नाक्यावर उभे राहून भरलेले पैसे पोचायला कधी कधी वेळ लागतो.

प्रत्येक नाक्यानंतर आलेला मेसेज वाचा. गाडीचा नंबर, नाक्याचे नाव, रक्कम आणि शिल्लक पाहा. गाडी चालवताना मात्र मोबाईल पाहू नका. गाडी बाजूला घेऊन थांबल्यावर पाहा.

मोबाईलचा नंबर बदलला तर बँकेला कळवा. नाहीतर मेसेज जुन्या नंबरवर जात राहतात.

१०३३ हा नंबर गाडीत लिहून ठेवा. तो आजच आपल्या हाताने लिहा. मुलाकडून लिहून घेऊ नका.

चूक झाली तर भांडू नका. पण गप्पही बसू नका. पाटी वाचा, मेसेज दाखवा, पावती मागा.

काचेवरची चिठ्ठी स्वतःचा नंबर सांगते, आणि तिचे काम तेवढ्यावर संपते. आपला हिशोब आपणच वाचायचा असतो.